दुबार पेरणीची ऐपत

सँडी कोफॅक्स आज, ३० डिसेंबरला, नव्वद वर्षांचे होत आहेत. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाच्या या डावखुऱ्या पिचरने चेंडू खाली ठेवला त्याला एकोणसाठ वर्षे झाली. तरी अमेरिकेत पिचरच्या हाताची गोष्ट निघाली की पहिले नाव आजही त्यांचेच निघते. गेल्या २७ ऑक्टोबरच्या रात्री ते डॉजर स्टेडियममध्ये खेळाडूंच्या खोलीत आले आणि विल क्लाइन नावाच्या पंचवीस वर्षांच्या पोराचा हात हातात घेऊन त्याला शाबासकी देऊन गेले.

वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा तिसरा सामना तेव्हा नुकताच संपला होता. नऊ डावांचा सामना अठरा डाव लांबला आणि सहा तास एकोणचाळीस मिनिटे चालला. टोरंटो ब्लू जेजविरुद्ध डॉजर्सने एकामागून एक पिचर वापरून संपवले. राखीव फळीत शेवटी एकटा क्लाइन उरला. तो मैदानात उतरला आणि त्याने चार डावांत ७२ चेंडू टाकले. मेजर लीगमध्ये एवढे चेंडू त्याने एका सामन्यात कधीच टाकले नव्हते. त्याच्यावर एकही धाव निघाली नाही. अठराव्या डावात फ्रेडी फ्रीमनने होमरन मारला आणि सामना ६-५ असा डॉजर्सच्या पदरात पडला. जेमतेम वर्षभरात कॅन्सस सिटी, अॅथलेटिक्स, सिअॅटल आणि लॉस एंजेलिस अशा चार संघांच्या दारात फिरून आलेला, पगाराच्या अगदी खालच्या पायरीवरचा हा मुलगा. क्रीडाविश्वातल्या सर्वात महागड्या संघांपैकी एकाची ती रात्र त्याने तारून नेली.

सरत्या वर्षाचा हिशेब मांडताना आम्ही या हस्तांदोलनापासून सुरुवात करतो, कारण बेसबॉलमध्ये आज जो वाद पेटू घातला आहे त्याची दोन्ही टोके त्यात आहेत. हाताची किंमत किती, आणि ती ठरवणार कोण?

आधी बुलपेन म्हणजे काय ते पाहू. मैदानाच्या कडेला, कुंपणापलीकडे राखीव पिचर हात मोकळे करत बसतात त्या जागेला बुलपेन म्हणतात. त्या जागेवरून राखीव पिचरांच्या सगळ्या फळीलाच ते नाव पडले. सामन्याची सुरुवात करणारा पिचर पाच-सहा डावांनंतर थकतो आणि उरलेले डाव या फळीला काढावे लागतात. आघाडी हातात असताना शेवटचा डाव ज्याच्याकडे सोपवतात तो क्लोझर. आपल्याकडे टी-ट्वेंटीत अठरावे आणि विसावे षटक ज्याच्या हाती देतात त्या गोलंदाजाची जी छातीठोक जबाबदारी, तीच त्याची. फरक इतकाच की बेसबॉलमध्ये हा प्रसंग हंगामाच्या १६२ सामन्यांत पुन्हा पुन्हा येतो आणि आठ डावांची मेहनत एका चेंडूवर पाण्यात जाऊ शकते.

बेसबॉलमध्ये हिवाळा हा खरेदीचा हंगाम असतो. २०२४ च्या हिवाळ्यात डॉजर्सकडे नुकतेच विजेतेपद आले होते आणि ते कसे आले हे सगळ्यांनी पाहिले होते. न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पाचव्या सामन्यात पाच धावांची पिछाडी भरून काढून त्यांनी ७-६ अशी आघाडी घेतली. आठव्या डावात ब्लेक ट्रायनन पिचिंग करत होता आणि यांकीजचे दोन जण बेसवर होते. व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स चालत पिचरच्या उंचवट्यावर गेले. सहसा अशा वेळी व्यवस्थापक हात पुढे करून चेंडू मागून घेतो. रॉबर्ट्स यांनी हात ठेवला तो ट्रायननच्या छातीवर. हृदयाचे ठोके पाहिले, डोळ्यांत पाहिले आणि चेंडू त्याच्याचकडे ठेवून ते परत गेले. ट्रायननने पुढचे दोन्ही फलंदाज बाद केले. त्या रात्री त्याने ४२ चेंडू टाकले. नववा डाव काढायला मात्र वॉकर ब्यूलर या सुरुवातीच्या पिचरला आणावे लागले, कारण राखीव फळी पिळून निघाली होती.

अशी रात्र पुन्हा येऊ नये म्हणून डॉजर्सने पैसा ओतला. ट्रायननला दोन वर्षांसाठी २२ दशलक्ष डॉलर देऊन राखले. कर्बी येट्सला एका वर्षासाठी १३ दशलक्ष दिले; टेक्सासकडून खेळताना त्याचा हंगाम अप्रतिम गेला होता. आणि टॅनर स्कॉटला चार वर्षांसाठी ७२ दशलक्ष. स्कॉटसाठी एवढी रक्कम मोजण्याचे कारणही डोळ्यांसमोरचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सान दिएगोकडून खेळताना त्याने खुद्द शोहेई ओतानीला चारपैकी चारही वेळा चकवून बाद केले होते. ज्याने आपल्याला अडवले त्यालाच आपल्या बाजूला आणायचे, हा रोकडा विचार होता. तिघांचे मिळून १०७ दशलक्ष डॉलर होतात. आजच्या भावाने एक दशलक्ष डॉलर म्हणजे सुमारे नऊ कोटी रुपये धरले तर ही रक्कम साडेनऊशे कोटींच्या पुढे जाते.

या पेरणीतून काय उगवले? पिचरच्या नावावर दर नऊ डावांमागे किती धावा लागल्या यावर त्याचे मोजमाप होते. क्लोझरने हा आकडा तीनच्या आत ठेवावा अशी अपेक्षा असते. २०२५ मध्ये स्कॉटचा आकडा ४.७४ झाला, येट्सचा ५.२३ आणि ट्रायननचा ५.४०. स्कॉटने राखायला मिळालेली आघाडी दहा वेळा घालवली. सप्टेंबरमधल्या बॉल्टिमोरच्या दोन रात्री डॉजर्सचे चाहते विसरणार नाहीत. ५ तारखेला स्कॉटच्या चेंडूवर होमरन बसला आणि सामना गेला. दुसऱ्या दिवशी योशिनोबू यामामोतोने नवव्या डावात दोन बाद होईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिली नव्हती. आणखी एक बळी आणि त्याचे नाव इतिहासात गेले असते. तिथे होमरन बसला आणि यामामोतोला बाहेर घेतले. ट्रायनन आला, त्याला नेम साधेना. मग स्कॉट आला, त्याच्या चेंडूवर दोन धावा निघाल्या आणि ३-१ वर हातात असलेला सामना ४-३ ने गेला. यामामोतोचा चेहरा त्या वेळी कॅमेऱ्यांनी जवळून दाखवला. आठ-नऊ डाव राबलेल्या माणसाने आपले कष्ट दुसऱ्याच्या हातून सांडताना बाकावर बसून पाहायचे, याहून मोठी शिक्षा या खेळात नाही.

आणि तरीही १ नोव्हेंबरला टोरंटोत सातवा सामना अकरा डावांत ५-४ ने जिंकून डॉजर्स पुन्हा विजेते झाले. त्या सामन्यात गेल्या हिवाळ्यातल्या १०७ दशलक्षांपैकी एका डॉलरचाही हात चेंडूला लागला नाही. स्कॉट आणि येट्स संघाच्या यादीतच नव्हते. ट्रायनन बसून राहिला. अॅलेक्स व्हेसिया हा भरवशाचा डावखुरा राखीव पिचर कौटुंबिक दुःखामुळे घरी होता. त्याचा ५१ हा क्रमांक केवळ त्याच्या सहकाऱ्यांनीच नव्हे, टोरंटोच्या राखीव पिचरांनीही आपल्या टोप्यांवर लिहिला होता. पैशांच्या या हिशेबात आम्ही ती टोपीही मांडून ठेवतो. कुंपणापलीकडे बसणाऱ्यांना एकमेकांचा भार कळतो, मग गणवेश कुठल्याही रंगाचा असो.

यावरून अनेकांनी सोपे तात्पर्य काढले की पैशाने सगळे विकत मिळत नाही. ऐकायला ते गोड आहे, मनालाही पटते, पण ते खरे नाही. सातव्या सामन्यात चेंडू कोणाच्या हातात होता ते पाहा. ओतानीचा दहा वर्षांचा करार ७०० दशलक्षांचा आहे. ब्लेक स्नेलचा पाच वर्षांचा करार १८२ दशलक्षांचा आणि टायलर ग्लासनाउचा १३६.५ दशलक्षांचा आहे. शेवटचे बळी यामामोतोने घेतले. आदल्याच रात्री त्याने ९६ चेंडू टाकले होते आणि दुसऱ्या रात्री आणखी ३४ टाकले. त्याचा बारा वर्षांचा करार ३२५ दशलक्षांचा आहे. त्याच्या धैर्याला किंमत नाही आणि ते कोणी विकत घेतलेले नाही. पण राखीव फळी उधळून निघाल्यावर सुरुवातीच्या पिचरांची अशी रांग उभी करता येणे, ही कोट्यवधी डॉलरचीच करामत होती.

आमच्या मते खरे तात्पर्य निराळे आहे आणि ते शेतकऱ्याच्या घरात लगेच समजेल. मृगाचा पाऊस फसवतो तेव्हा तो सगळ्यांनाच फसवतो. मोठ्या बागायतदाराचे बियाणे जळते आणि दोन एकरवाल्याचेही जळते. बागायतदार दुसऱ्या आठवड्यात दुबार पेरणी करतो. दोन एकरवाल्याचा हंगाम तिथेच संपतो. दोघांच्या अकलेत काही फरक नसतो. चूक झाल्यावर पुन्हा उभे राहण्याची ऐपत मात्र एकाकडे असते, दुसऱ्याकडे नसते. डॉजर्सने गेल्या वर्षी बुलपेनची पेरणी साफ चुकवली आणि विजेतेपद मिळवले. डिसेंबर उजाडताच त्यांनी दुबार पेरणीही केली. न्यूयॉर्क मेट्सचा क्लोझर एडविन दियास याला त्यांनी तीन वर्षांसाठी ६९ दशलक्ष डॉलरना घेतले. वर्षाची सरासरी २३ दशलक्ष येते. राखीव पिचरला एवढी सरासरी कोणीच कधी दिली नव्हती.

दियास हा उत्तम पिचर आहे. २०२५ मध्ये त्याचा आकडा १.६३ होता. पण या कामातली अनिश्चितता त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असेल? नोव्हेंबर २०२२ मध्ये तो शंभर दशलक्षांचा टप्पा ओलांडणारा पहिला राखीव पिचर ठरला. चार महिन्यांनी वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोच्या विजयानंतर मित्रांच्या घोळक्यात उड्या मारताना त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि २०२३ चा पूर्ण हंगाम गेला. मेट्सच्या खिशाला ते झेपले. पिट्सबर्गच्या किंवा मायामीच्या खिशाला झेपले असते का?

राखीव पिचरवर पैसा लावणे हा जुगार का ठरतो, त्याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. सुरुवातीचा पिचर वर्षाला दीडशे-पावणेदोनशे डाव टाकतो, राखीव पिचर साठ-पासष्ट. एवढ्या थोड्या डावांत चार रात्री वाईट गेल्या की सबंध वर्षाचा आकडा बिघडतो आणि चार रात्री नशिबाने साथ दिली की माणूस अजिंक्य दिसतो. दुसरे कारण नियमाचे आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत खेळाडूला खुल्या बाजारात उतरता येत नाही, आणि पहिली सुमारे तीन वर्षे त्याचा पगार जवळजवळ किमान वेतनावरच राहतो. २०२५ मध्ये ते किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. ताशी शंभर मैलांच्या चेंडूची सगळी ताकद या स्वस्ताईच्या वर्षांत खर्ची पडते. बाजारात उतरताना स्कॉट तिशीचा होता, ट्रायनन छत्तीसचा आणि येट्स सदतीसचा. संघ पैसे मोजतो कालच्या पराक्रमाचे, आणि हाती येतो तो आजचा झिजलेला हात.

तो हात किती नाजूक असतो ते याच संघाने जगाला शिकवले. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला बंध काढून तिथे त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. त्याआधी ही दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट होता. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि बुलपेनमध्ये बसलेल्या कितीतरी कोपरांवर तिचा लांब व्रण दिसतो. डॉजर्सच्याच एव्हन फिलिप्सला यंदा जूनमध्ये ती करावी लागली. जास्तीत जास्त वेग मागायचा, आणि वेग मिळाला की तोच हात मोडायचा, असे हे चक्र आहे.

मिलवॉकीचे उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर ठेवायला हवे. ब्रुअर्सचे शहर लहान, उत्पन्न बेताचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यांच्याइतके कोणी पाळले नाही. क्लोझर महाग होण्याआधीच ते त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकतात. २०२२ मध्ये जॉश हेडर गेला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये डेव्हिन विल्यम्स यांकीजकडे गेला. विल्यम्सच्या बदल्यात आलेल्यांपैकी केलेब डर्बिन तिसऱ्या बेसवर नेमाने खेळू लागला. २०२५ मध्ये विल्यम्सचा आकडा न्यूयॉर्कमध्ये ४.७९ वर गेला. ब्रुअर्सने २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले. सर्व तीस संघांत त्यांची कामगिरी सर्वोत्तम होती. काटकसर, पारख आणि शिस्त या तिन्ही कसोट्यांवर हा संघ पहिला. आणि ऑक्टोबरमध्ये डॉजर्सने त्यांना चार सामन्यांत सरळ हरवले. चारही सामन्यांत ब्रुअर्सना प्रत्येकी एकच धाव काढता आली. लहान संघाला वर्षभर एकही चूक परवडत नाही आणि इतके बिनचूक वागूनही शेवटच्या पायरीवर समोर अशी रांग उभी असते. मिलवॉकीतल्या बापाने मुलाला काय सांगावे?

टोरंटोचीही व्यथा ऐकून घ्यायला हवी. त्यांनीही गेल्या जानेवारीत बुलपेनसाठी जेफ हॉफमनला तीन वर्षांसाठी ३३ दशलक्षांना घेतले होते. सातव्या सामन्याच्या नवव्या डावात १९९३ नंतरचे पहिले विजेतेपद दोन बळींवर येऊन ठेपले होते आणि चेंडू हॉफमनच्या हातात होता. समोर होता छत्तीस वर्षांचा मिगेल रोहास, फलंदाजीच्या क्रमात अगदी शेवटचा. त्याने होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या डावात विल स्मिथच्या होमरनने निकाल लागला. हॉफमन सामन्यानंतर तोंड लपवून निघून गेला नाही. पत्रकारांसमोर उभा राहिला आणि दोष आपल्या अंगावर घेतला. या कामाची किंमत डॉलरमध्ये मोजताना ती रात्रही मोजली पाहिजे.

आता पगाराच्या हिशेबाकडे वळू. बेसबॉलमध्ये पगारखर्चावर पक्की मर्यादा नाही. तिच्या जागी लक्झरी टॅक्स आहे. २०२५ साठी त्याची रेषा २४१ दशलक्षांवर होती. रेषा ओलांडणाऱ्याने वरच्या रकमेवर कर भरायचा. जितके जास्त ओलांडाल आणि जितकी वर्षे सलग ओलांडाल तितका दर चढत जातो. डॉजर्स सर्वात वरच्या टप्प्यात आहेत आणि जुने थकबाकीदार असावेत तसे दर वर्षी यादीत आहेत, त्यामुळे तिथे त्यांचा दर ११० टक्के पडतो. एखाद्या पिचरला एक डॉलर द्यायचा तर वर एक डॉलर दहा सेंट कर. २०२४ साठी त्यांना १०३ दशलक्ष कर लागला. २०२५ चा आकडा याच महिन्यात आला : १६९.४ दशलक्ष डॉलर, सुमारे पंधराशे कोटी रुपये. इतका कर आजवर कोणत्याही संघाला लागला नव्हता. कित्येक संघांचा वर्षाचा सगळा पगारही एवढा नसतो.

डॉजर्सने यात नियम मोडलेला नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. त्यांच्या स्टेडियमवर यंदा चाळीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्यांच्याकडे २५ वर्षांचा, आठ अब्ज डॉलरहून मोठा दूरचित्रवाणी करार आहे. ओतानीमुळे जपानमधल्या जाहिरातदारांची रीघ लागली आहे. मिळालेला पैसा त्यांनी मालकांच्या खिशात न ठेवता मैदानावर लावला आणि जाणकार माणसांकडून खेळाडू घडवून घेतले. ओतानीच्या ७०० पैकी ६८० दशलक्ष २०३४ पासून द्यायचे, ही मुभाही सर्व संघांना सारखीच आहे. आमचा आक्षेप डॉजर्सवर नाही. ज्या व्यवस्थेत एकाला ११० टक्के दंडही टोचत नाही आणि दुसऱ्याला एक गुडघा फाटला की तीन वर्षांचा दुष्काळ सोसावा लागतो, त्या व्यवस्थेवर आहे.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. म्हणजे येणारा हंगाम या कराराखालचा शेवटचा. मालकांच्या बाजूने पगारखर्चावर पक्की मर्यादा घालण्याची भाषा जोर धरते आहे. अमेरिकी फुटबॉल आणि आइस हॉकीत ती आहे. आपल्याकडच्या वाचकाला आयपीएलमुळे ती परिचयाची आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची थैली १२० कोटींचीच. मुंबईने बुमराला १८ कोटींत राखले काय आणि लखनौने पंतला २७ कोटींना घेतले काय, एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी. त्यामुळे चुरस राहते हे खरे. पण कोणाकडून खेळायचे हे तिथे खेळाडू ठरवत नाही, लिलावाचा हातोडा ठरवतो, हेही तितकेच खरे आहे. बेसबॉलच्या खेळाडूंना नेमके हेच नको आहे, आणि का नको हे कोफॅक्स यांच्या आयुष्यातून समजते.

१९६६ च्या वसंतात कोफॅक्स आणि त्यांचे सहकारी डॉन ड्रिसडेल हे दोघे देशातले अव्वल पिचर होते. संघ प्रत्येकाला एकेकटे गाठून दुसऱ्याचा भाव सांगत पगार पाडतो, हे लक्षात आल्यावर दोघांनी एकत्र मागणी केली : तीन वर्षांसाठी दोघांना मिळून दहा लाख डॉलर. तोपर्यंत सरावाला यायचे नाही. त्या काळी खेळाडू करारानंतरही संघाच्याच मालकीचा मानला जाई. दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती. महिनाभर ते दोघे बाहेर राहिले आणि शेवटी कोफॅक्स सव्वा लाखावर व ड्रिसडेल एक लाख दहा हजारांवर परतले. मागितलेले मिळाले नाही, पण दोघे एकत्र आले की मालकाला बोलावे लागते हे साऱ्यांना दिसले. त्या हंगामात कोफॅक्स ३२३ डाव टाकून २७ सामने जिंकले. संधिवाताने सुजलेले कोपर सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवून ते बसत. नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. पुढे १९६९ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता दुसऱ्या संघाला दिले, तेव्हा त्याने तिकडे जाण्यास नकार दिला. तो न्यायालयात हरला आणि त्याची कारकीर्द संपली. १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने खेळाडू मोकळा झाला. दियासला आज मिळणाऱ्या २३ दशलक्षांमागे ही माणसे उभी आहेत. त्यामुळे पगार जास्त झाले म्हणून खेळाडूंना बोल लावणे आम्हाला मान्य नाही.

मर्यादेच्या वादातून १९९४ मध्ये काय झाले तेही आठवावे. १२ ऑगस्टला संप सुरू झाला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. त्या दिवशी सर्वोत्तम कामगिरी माँट्रियल एक्स्पोजची होती : ७४ विजय, ४० पराभव. लहान उत्पन्नाचा, स्वतः घडवलेल्या पोरांचा संघ. संप मिटल्यावर एप्रिल १९९५ मध्ये मालकांनी खर्च झेपत नाही म्हणून काही दिवसांत संघ मोडून विकला. क्लोझर जॉन वेटलँड यांकीजकडे गेला आणि १९९६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये चार सामने राखून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००४ नंतर माँट्रियलमध्ये संघच उरला नाही. दोन बलाढ्यांच्या भांडणात दोन एकरवाला पहिला बुडतो.

म्हणून वरचे छत खाली ओढण्याआधी खालची जमीन भरून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजही प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सामाईक थैलीत टाकतो आणि ती थैली सर्वांत सारखी वाटली जाते. हा वाटा वाढवता येईल, विशेषतः दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला. स्थानिक सामने दाखवणारी मोठी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेल्यापासून लहान शहरांच्या संघांचे ते उत्पन्न आटते आहे, तेव्हा त्याची गरजही आहे. त्याबरोबर अट हवी की वाटणीतून मिळालेला पैसा पगारावरच लागला पाहिजे. म्हणजे प्रत्येक संघासाठी किमान खर्चाची रेषा हवी. पैसे घ्यायचे आणि संघ उपाशी ठेवून नफा मोजायचा, ही मालकांची वाट तिथेच बंद होईल. वरचा कर ठेवावा, हवा तर कडक करावा. पण त्यातून जमणारी रक्कम लहान संघांना आपला क्लोझर टिकवायला उपयोगी पडेल अशा कामी लावावी. आणि खेळाडूंच्या संघटनेनेही आपल्या घराकडे पाहावे. दियासचा करार हा तिचा अभिमान असेल, पण क्लाइनसारख्या हातांचा सगळा जोर किमान वेतनाच्या वर्षांत संपतो. त्यांना बाजार लवकर मिळाला, किंवा निदान पहिल्या तीन वर्षांचे दाम वाढले, तर झिजलेल्या हातांवर होणारी उधळपट्टीही आपोआप आवरेल.

फेब्रुवारीच्या मध्यावर अॅरिझोना आणि फ्लोरिडात सराव सुरू होईल. सर्वांआधी पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर येतात. सकाळच्या थंडीत चामड्याच्या हातमोज्यावर चेंडू आपटल्याचा तो कोरडा आवाज यायला लागला की तीसही संघांच्या शहरांतली माणसे क्षणभर सारखी होतात. यंदा आपले जमेल, असे प्रत्येकाला वाटते. ही आशा बेसबॉलची खरी गंगाजळी आहे. ती डॉलरमध्ये मोजता येत नाही, पण डॉलरच्या वाटणीत चूक झाली तर आटते. माँट्रियलमध्ये ती आटली.

कोफॅक्स यांनी क्लाइनचा हात हातात घेतला तेव्हा दोघांच्या पगारांत साठ वर्षांचे अंतर होते. त्यांनी मात्र हाताला हात मिळवला तो कामाच्या नात्याने. एकाने तिसाव्या वर्षी दुखऱ्या कोपरासह मैदान सोडले होते. दुसऱ्याने पंचविसाव्या वर्षी, दुसरा कोणी उरला नाही म्हणून, ७२ चेंडू टाकले होते. येत्या वर्षी करारासाठी जे टेबलाशी बसतील त्यांनी हे दोन हात डोळ्यांसमोर ठेवावेत. नव्वदीच्या कोफॅक्स यांना आमचे वंदन.